उभ्या रेघा, सरळ नकोत, एकमेकींना टेकायला नकोत

बेळगावात तिलकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलं की मी नंबरप्लेटा वाचते. म्हणजे आख्खा नंबर नाही, तो ज्याचा त्याचा, मला फक्त पुढचा तुकडा पाहिजे असतो, केए 22 (हे आमचं बेळगावचं), केए 23, एमएच 09, जीए, जे काय असेल ते, आणि घरी आल्यावर ग्राफ पेपरवर त्याचा एकेक चौकोन रंगवते. नियम असा की गेट पडायला लागलं की सुरू करायचं आणि उठलं की थांबायचं, एका गेटची एक ओळ. कुठल्या कोडला कुठला रंग ते आधीच ठरवून टाकलंय आणि तो नंतर बदलायचा नाही, ओळ छान दिसावी म्हणून एखादा चौकोन जास्त घालायचा नाही की गाळायचा नाही. ओळ किती लांब होणार हे मी ठरवत नाही, रेल्वे ठरवते. साधी पॅसेंजर गेली तर आखूड, आणि मालगाडी आली आणि तिच्या मागोमाग अजून एक गाडी सोडायची असली की मग विचारू नका, लोक वैतागून इंजिन बंद करून खाली उतरतात आणि माझी ओळ कागदाच्या कडेपर्यंत जाते.

ह्याचा उपयोग काय, असं घरातल्यांनी विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं (मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या अकाउंट्सला आहे), आणि विचारतात ते बरोबरच आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं आणि दोन वाक्यांत सांगायला गेलं की ते नुसतं टाइमपास वाटतं.

सोल लेविट म्हणून एक अमेरिकन कलाकार होता, 1928 चा जन्म, 2007 ला वारला. तरुणपणी हा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये रात्रपाळीला रिसेप्शनवर बसायचा. 1967 साली त्यानं एक लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की कन्सेप्च्युअल आर्टमध्ये, म्हणजे जिथं कल्पनाच सगळ्यात महत्त्वाची अशा कलेत, कल्पना हेच यंत्र बनतं आणि ते यंत्रच पुढं कलाकृती घडवतं. आणि नुसतं म्हणून सोडलं नाही, दुसऱ्याच वर्षापासून त्यानं थेट भिंतीवर चित्रं करायला घेतली, आणि पुढं पुढं तो स्वतः काढायचाच नाही, कागदावर सूचना लिहून द्यायचा आणि दुसरी माणसं येऊन भिंतीवर काढायची. प्रदर्शन संपलं की भिंतीवर परत रंग. चित्र गेलं. पण गेलं नाही पण, कारण सूचना आहे, उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या भिंतीवर परत काढता येतं. अशी बाराशेच्या वर भिंतचित्रं त्यानं केली. तो गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, 2008 ला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या कारखान्याच्या इमारतीतल्या एका म्युझियममध्ये त्यातली 105 चित्रं माणसं लावून पुन्हा काढली, आणि ती अजून आहेत.

आता हे वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही बाईला रांगोळी आठवणारच. रोज सकाळी झाडून टाकायची, परत काढायची, आणि खरी रांगोळी असते कुठं तर सांगण्यात, "पंधरा ते आठ, मधले ठिपके", एवढं फोनवर सांगितलं की खानापूरच्या माझ्या नणंदेच्या दारात तीच रांगोळी उमटते जी शहापुरात माझ्या दारात असते. तिनं माझी बघितलेली नसते. मी तिची बघितलेली नसते. बेळगावच्या दारादारात हे कधीपासून चालू आहे कुणास ठाऊक, त्याला कुणी कन्सेप्च्युअल आर्ट म्हटलं नाही म्हणून काय झालं, यंत्र तेच आहे.

तर लेविटच्या सगळ्या भिंतचित्रांत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 46 नंबरचं. त्याची सूचना एवढीच आहे, उभ्या रेघा, सरळ नाहीत, एकमेकींना टेकत नाहीत, भिंतभर सारख्या पसरलेल्या. बास. 1970 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये पहिल्यांदा काढलं. त्याच्या आदी त्याच्या रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ असायच्या, चौकोन, क्यूब, सगळं मोजूनमापून. आणि त्या महिन्यात त्याची जिवाभावाची मैत्रीण गेली, ईव्हा हेस, शिल्पकार होती, 34 वर्षांची, मेंदूत गाठ होती. तिच्या कामात दोरे, जाळ्या, लोंबणारं, वाकणारं, सगळं हातानं केलेलं दिसणारं असायचं. तिच्यासाठी म्हणून त्यानं पहिल्यांदा सरळ नसलेली रेघ घेतली. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या चार अटींकडंच बघत बसले होते. दुःख झालं तर माणूस रडतो, फोटोला हार घालतो, कविता करतो, ह्या माणसानं आपल्या नियमातला एक शब्द बदलला. नियमानं चालणारी कला कोरडी असते, डोक्याची असते, असं जे म्हणतात ना, त्यांना मी दरवेळी हे 46 नंबरचं सांगते.

मग दिवाळीच्या आदी मी काय केलं, ती सूचना मराठीत लिहिली, भिंतीच्या जागी दारासमोरची जागा एवढाच बदल केला, आणि समोरच्या अक्कांकडून तीच कन्नडमध्ये लिहून घेतली, आणि झेरॉक्स काढून गल्लीतल्या घराघरात चिठ्ठी दिली, की पाडव्याच्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी एवढीच रांगोळी काढायची, ठिपके नाहीत, फूल नाही, मोर नाही. एक मावशी म्हणाल्या, "अगं पण सरळ नको म्हणजे? मुद्दाम वाकडी काढायची व्हय?" मी म्हटलं मावशी मुद्दाम पण नको, नुसती सरळ नको. त्या म्हणाल्या, "मग ते अवघड आहे की." आणि खरंच अवघड आहे, तुम्ही करून बघा. वाकडी काढायला गेलं की हात आपोआप नागमोडी नक्षी करायला लागतो, सगळ्या रेघांचं वळण एकसारखं होतं आणि मग ती डिझाइन होते. आठवीतला एक पोरगा होता त्यानं मला विचारलं, सारख्या पसरलेल्या म्हणजे मोजून काय? किती सेंटीमीटर? मी त्याला सांगितलं की चिठ्ठीत जेवढं आहे तेवढंच, बाकीचं तुझं तू ठरव. त्यानं आपल्या चपलेनं अंतर मोजलं. म्हणजे आता त्याच्या नियमात त्यानं अजून एक नियम बसवला, आणि त्याच्या दारातल्या रेघा बाकी कुणासारख्याच नव्हत्या.

पाडव्याच्या सकाळी मी गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. एका घरात सासू आणि सून दोन्ही कडेनं सुरुवात करून मधे आल्या होत्या आणि मधली जागा उरली ती कुणी भरायची ह्याच्यावर चर्चा चालली होती. अक्कांनी ओल्या खडूसारख्या बारीक, एकदम दाट रेघा काढल्या होत्या, त्यांच्या बोटातनं पडणारी धारच तशी आहे. एका दारात रेघांच्या मधनं लक्ष्मीची पावलं आली होती, त्यांनी सांगितलं की दिवाळीला पावलं नाहीत असं आमच्यात चालत नाही, आणि मला ते आवडलं कारण पावलंसुद्धा कुठल्याच रेघेला टेकवलेली नव्हती, नियम पाळून वाट काढली होती. आणि कोपऱ्यावरच्या आजींचा हात थरथरतो, त्यांनी खुर्चीवर बसून, सुनेला भांडं धरायला लावून जेवढ्या झाल्या तेवढ्या काढल्या. त्यांना सरळ नको हे सांगायची गरजच नव्हती. एरवी ठिपक्यांच्या रांगोळीत त्या आता हात घालत नाहीत, चुकतं म्हणून. ह्या नियमात त्यांचा हात चुकत नव्हता.

मला वाटतं अख्खी गोष्ट ही आहे. नियम कसा घालायचा ह्यात सगळं आहे. काही नियम असे असतात की त्यात थरथरता हात नापास होतो, आणि काही असे असतात की त्यात प्रत्येकाचा हात दिसायला लागतो. आणि वस्तू रोजचीच पाहिजे, कारण रोजच्या वस्तूला आपण बघणं सोडलेलं असतं.

वडगावात माझे मामा अजून माग चालवतात. त्यांच्याकडं जुनी जकार्डची कार्डं पडून होती, पुठ्ठ्याची, भोकं पाडलेली, दोऱ्यानं एकाला एक बांधून लांब माळ केलेली. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मागावर जे फूल किंवा कोयरी विणली जाते ती ह्या कार्डांत लिहिलेली असते. कार्डावर भोक असेल तिथला हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचे उभे धागे, भोक नसेल तिथले खाली राहतात, आडव्या धाग्याचा धोटा मधनं जातो, पुढचं कार्ड येतं. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. फ्रान्समधल्या लियाँच्या जकार्डनं 1804 च्या सुमाराला हे बसवलं आणि पुढं शंभर-दीडशे वर्षांनी कॉम्प्युटरला माहिती द्यायला पण भोकाची कार्डंच वापरली. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, पेन ड्राइव्ह लावला की झालं. मामा म्हणाले, "रद्दीतच घालणार होतो, घेऊन जा की."

ती मी आणली आणि अंगणात एकेक कार्ड ठेवून वरनं बारीक चाळणीनं रांगोळी सोडली, कार्ड उचललं, पुढचं ठेवलं. नियम एवढाच की कार्डं ज्या क्रमानं माळेत आहेत त्याच क्रमानं, मधलं एकही गाळायचं नाही. खाली उमटलं काय, तर ठिपके. शेकडो ठिपके, मधेच दाट, मधेच विरळ, कुठं काही आकार असल्यासारखं वाटतं आणि लगेच विस्कटतं. ते कुठल्यातरी साडीच्या पदराचं फूल आहे हे मला माहीत होतं, पण ते फूल धाग्यांच्या हिशेबातलं फूल आहे, डोळ्यांच्या नाही. मामा मात्र वाकून बघत होते, आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, इथनं काठ सुरू होतोय. त्यांना दिसत होतं! तेच ठिपके मला अमूर्त चित्र आणि त्यांना सरळ वाचता येणारं पान. अमूर्त काय आणि मूर्त काय, हे चित्रात नसतंच बहुतेक, बघणाऱ्याच्या हातानं आयुष्यभर काय केलंय त्याच्यावर आहे. मला तर त्या दिवसापासून अमूर्त चित्र बघताना भीती वाटायची बंद झाली, हे कुणालातरी वाचता येत असणार एवढं नक्की असतं.

प्रभाकर बरव्यांची चित्रं ज्यांनी बघितली असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. 1936 चा जन्म, नागावचे, तेही काही वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, बनारसला आणि मग मुंबईला. पान, शंख, घड्याळ अशा साध्या साध्या गोष्टी ते मोकळ्या जागेत एकेकट्या ठेवतात, आणि एनॅमल पेंटनं, म्हणजे आपण दाराखिडक्यांना लावतो त्या जातीच्या रंगानं. त्यांनी 'कोरा कॅनव्हास' म्हणून मराठीत पुस्तक लिहून ठेवलंय आणि चित्राबद्दल इतकं साध्या मराठीत बोलता येतं हे मला त्यातनं कळलं. 2019 ला मुंबईत एनजीएमएला, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला, त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. मिळालं तर पुस्तक जरूर वाचा, मी ह्याच्यावर परत कधीतरी वेगळं लिहीन.

केळ्याचा विषय मात्र काढायला लागणार, कारण माझ्याशी ह्याच्यावर बोलायला येणारा प्रत्येकजण तिथनंच सुरुवात करतो. हो, मौरिझियो कातेलाननं 2019 ला मायामीत भिंतीवर टेपनं केळं चिकटवलं, आणि 2024 ला त्यातली एक प्रत लिलावात 62 लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्यानं केळं खाल्लं. लोकांना राग येतो तो पैशाचा, आणि तो राग मला समजतो. पण विकत गेलं ते केळं नव्हतंच, सर्टिफिकेट आणि ते कसं लावायचं ह्याच्या सूचना होत्या, केळं कुजलं की बदलायचं. म्हणजे यंत्र लेविटचंच आहे. तरी मला ते फारसं आवडत नाही, आणि कारण पैसे नाही. त्या सूचनेतनं एकदा बघितल्यावर पुढं काही निघत नाही. हजार माणसांनी हजार केळी लावली तरी तेच दिसणार. उभ्या रेघांची चिठ्ठी हजार घरांत दिली तर हजार अंगणं वेगळी होतील. कुठली सूचना चांगली हे मी आता ह्याच्यावरनं ठरवते.

आईचं कॅलेंडर हा एक अजून मोठा विषय. स्वयंपाकघरात भिंतीला लावलेलं, त्याच्यावर दुधाचा हिशेब, बरोबरची खूण, नाही आलं तर फुली, जास्त घेतलं तर आकडा, सिलिंडर लावलेली तारीख, भिशी, इस्त्रीचे कपडे. जुनी कॅलेंडरं आई टाकत नाही, सुरळी करून माळ्यावर ठेवते. ती मी काढून एकाशेजारी एक जमिनीवर पसरली आणि फक्त दुधाच्या खुणा ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या, बाकी काही नाही. ज्या आठवड्यात दूध वाढलंय तिथं पाहुणे होते. जिथं सलग फुल्या आहेत तिथं घराला कुलूप होतं, आणि अशी एक लांब फुल्यांची ओळ आहे ती बाबांच्या दवाखान्यातल्या दिवसांची. शब्द एकही नाही.

जपानी कलाकार ऑन कावारा न्यूयॉर्कमध्ये राहून 4 जानेवारी 1966 पासून फक्त तारखा रंगवायचा. एका रंगाची पाटी, वर पांढऱ्या अक्षरात त्या दिवसाची तारीख, आणि त्या दिवशी रात्री बाराच्या आत पूर्ण झाली नाही तर नष्ट करायची. आयुष्यभरात जवळजवळ 3000 केली. पुष्कळदा पाटीसाठी पुठ्ठ्याचा खोका करायचा आणि त्यात त्या दिवसाचा, त्या गावातला पेपर. जिथं असेल तिथल्या भाषेत तारीख लिहायची, आणि तिथली लिपी रोमन नसेल तर एस्पेरांतोत, म्हणजे सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत, लिहायची, असा त्याचा नियम होता. बेळगावात बसून मी हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इथं आला असता तर तारीख मराठीत की कन्नडमध्ये हा प्रश्न त्याच्या नियमानं केव्हाच सोडवून ठेवला होता.

आणि तो प्रश्न इथं कशातनंच सुटत नाही, म्हणून तो टाळून लिहिणं मला खोटं वाटेल. 1956 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून आम्ही इकडं, कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य), आहोत, महाराष्ट्र 865 गावांवर हक्क सांगतोय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस आहे. आमच्या घरात ह्या विषयावर लहानपणापासून जे ऐकलं त्याच्याबद्दल माझ्या मनात काय आहे हे मला सरळ वाक्यात लिहिता येत नाही, पण नियम करून काढता येतं. 2024 च्या कायद्यानं कर्नाटकात पाट्यांवर 60 टक्के जागा कन्नडला द्यायची आहे. मी खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतनं फिरून दुकानांच्या पाट्या ग्राफ पेपरवर उतरवल्या, पण अक्षरं सगळी काढून टाकली. फक्त कुठल्या भाषेला किती जागा, तेवढे चौकोन, मराठीला एक रंग, कन्नडला एक, इंग्रजीला एक. भांड्याचं दुकान, सोनार, मेडिकल, कुंद्याचं दुकान, सगळे नुसते रंगाचे पट्टे. जुन्या पाट्या आणि नव्या पाट्या शेजारी लावल्या की पट्टे सरकलेले दिसतात, काही ठिकाणी मराठीचा पट्टा खाली जाऊन बारीक काठासारखा झालाय, काही ठिकाणी नाहीच. ते कागद बघून अक्का म्हणाल्या हे साडीसारखं दिसतंय. मग जरा वेळ थांबून म्हणाल्या की आमच्या माहेरी सोलापुरात कन्नड पाटी शोधावी लागते. त्याही तसेच कागद करणार आहेत, पुढच्या वेळी माहेरी गेल्या की, त्याच रंगांत आणि त्याच स्केलला. मला त्या कागदांची खूप उत्सुकता आहे.

गेटवरच्या ओळींतनं मात्र मला न शोधता एक गोष्ट सापडली. एरवी ओळीत केए 22 हीच जमीन, मधनं मधनं बाकीचे. गणपतीत आणि दिवाळीत एमएच 12 आणि एमएच 14 एकदम वाढतात, पुणे आणि पिंपरी-चिंचवड, आणि काच खाली होते आणि आतनं कुणीतरी हाक मारतं, कारण गाडीचा नंबर महाराष्ट्राचा असला तरी माणूस आमच्याच गल्लीतला असतो, नोकरीला तिकडं गेलेला. वर्षातले ते दोन पट्टे कागदावर एवढे ठळक येतात की लांबनं बघितलं तरी सण कधी होते ते सांगता येतं.

आता ज्याच्यात सध्या बुडालेली आहे ते सांगते. फ्रान्सिस आलीस म्हणून कलाकार आहे, मूळचा बेल्जियमचा, मेक्सिकोत राहतो. 2004 ला तो जेरुसलेममध्ये हिरव्या रंगाचा डबा घेऊन चालला, डब्याला खाली भोक, रंगाची बारीक धार मागं पडत जायची, इस्रायल आणि जॉर्डनमधल्या 1949 च्या युद्धबंदीची हद्द जिथनं जायची तिथनं 24 किलोमीटर, 58 लिटर रंग लागला. ती हद्द मुळात नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं ओढलेली होती. नकाशावरच्या रेघेला जाडी असते हे आपण विसरतो. 1:20,000 च्या नकाशावर 3 मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर 60 मीटर, त्यात घरं बसतात, शेतं बसतात. त्या जाडीत कोण राहतं?

तो प्रश्न डोक्यात घेऊन मी बाचीहून शिनोळीला चालत गेले, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं. बाची आमच्याकडं, शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बरोबर बिलाच्या मशीनचा कागदी रोल, आमच्या ऑफिसात असतो तसला. दहा पावलांना एक सेंटीमीटर, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळी रेघ, ती गोष्ट बदलली की रेघेचा रंग बदलायचा. लाइटच्या खांबांची एक रेघ, हेस्कॉम संपून महावितरण कुठं सुरू होतं. किलोमीटरच्या दगडांची एक. डांबराची एक. मोबाईलच्या रेंजची एक. दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टर आणि मोटरसायकलींच्या नंबरांची एक. दुकानांच्या पाट्यांची एक. आणि कुठल्याही दोन रेघा एका जागी बदलल्या नाहीत. डांबर एकीकडं बदललं, खांब दुसरीकडं, रेंजनं तर स्वतःची वेगळीच हद्द केलेली, आणि मोटरसायकली सगळ्यात जास्त मिसळलेल्या, कितीतरी लांबपर्यंत दोन्ही रंग आलटून पालटून. काही रेघा बदलल्याच नाहीत, दोन्हीकडं भाताच्या खाचरांचा तोच आकार, रताळ्याच्या तशाच सऱ्या, बोलणं तर तेच. रोल उलगडून घरी जमिनीवर पसरला तेव्हा हद्द म्हणून एक जागा दाखवता येत नव्हती, एक लांब भुरकट भाग होता जिथं रंग एकेक करून पलटत होते.

अलिगिएरो बोएत्ती ह्या इटालियन कलाकारानं 1971 पासून काबूलच्या बायकांकडून जगाचे नकाशे भरतकामात करून घेतले, प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगात, आणि पुढच्या वीस वर्षांत झेंडे आणि हद्दी बदलत गेल्या तसे नकाशे बदलत गेले. असं सांगतात की एक नकाशा आला त्यात समुद्र गुलाबी होता, अफगाणिस्तानला समुद्रच नाही, आणि त्यांच्याकडं गुलाबी धागा भरपूर होता. बोएत्तीला ते इतकं आवडलं की त्यानंतर समुद्राचा रंग त्यानं भरणाऱ्या बायकांवर सोडून दिला. मी तो रोल आता कापडावर घ्यायचा विचार करतेय, वडगावातल्या दोघीजणी भरून द्यायला तयार आहेत. रेघा कुठं पलटतात ते रोलप्रमाणंच राहील, त्याला हात लावायचा नाही. मधल्या भुरकट भागाला कुठला धागा वापरायचा ते त्या ठरवतील, मी अजून विचारलेलं नाही.

त्याच्या आदी अजून एक रोल करायचाय, निपाणीच्या पुढं कोगनोळीला. तिथं हायवे आहे, चालता येणार नाही, म्हणून बसमधनं करायचं, जाताना कर्नाटकच्या गाडीनं आणि येताना महाराष्ट्राच्या लाल गाडीनं, दोन्ही वेळा डावीकडच्या खिडकीला बसून. एकटीला सगळ्या रेघा धरता येत नाहीत कारण गाडी पळते, एकेकानं एकेक रेघ घ्यायला पाहिजे. खांब, दगड, पाट्या आणि रेंज एवढ्याला माणसं मिळालीत, डांबर आणि नंबरप्लेटा अजून रिकाम्या आहेत. निपाणी, चिक्कोडी, कागलकडचं कुणी येणार असेल तर सांगा, पेन्सिल आपापली आणा, रोल मी आणते.